अमली पदार्थांचा कायदा: दात मोठे, हात आखूड

सप्टेंबर २०२२ मध्ये दिल्ली पोलिसांच्या स्पेशल सेलने न्हावा शेवा बंदरात एक कंटेनर उघडला. आत ज्येष्ठमध होता. घसा बसला की चघळायला देतात तोच, फक्त वीस टनांहून जास्त. मुळ्यांवर हेरॉईनचा लेप चढवलेला होता. दिल्लीत आधी पकडलेल्या दोन अफगाण नागरिकांच्या चौकशीतून या कंटेनरचा माग लागला होता. बातम्यांमध्ये १,७२५ कोटींचा आकडा झळकला.

असं काही वाचलं की चहाच्या टपरीपासून विधानसभेपर्यंत एकच मागणी होते: कायदा कडक करा. हा कायदा आत्ता किती कडक आहे, तो कुठे अडतो आणि बळकट करायचा तर नेमकं काय करावं लागेल, हे समजून घेण्यासारखं आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. शिक्षा वाढवायला या कायद्यात जागाच उरलेली नाही. ज्याच्या अंगावर माल सापडतो त्याला हा कायदा पुरता भरडतो. माल पाठवणारा, पैसा लावणारा आणि समुद्रापलीकडे बसून फोन फिरवणारा मात्र त्याच्या हाती सहसा लागत नाही.

तीन वर्षांपासून फाशीपर्यंत

१९८५ पर्यंत आपल्याकडे इंग्रजांच्या काळातले कायदे चालत होते. १८५७ आणि १८७८ चे अफूचे कायदे, १९३० चा घातक औषधांचा कायदा. १९३० च्या कायद्यात जास्तीत जास्त शिक्षा तीन वर्षं आणि दुसऱ्यांदा सापडला तर चार. किमान शिक्षा नव्हतीच. (अफूच्या बाबतीत कडक होण्याचं इंग्रजांना कारणही नव्हतं म्हणा. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची, सरकारला त्यातून महसूल मिळायचा आणि जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारख्या बड्या व्यापाऱ्यांनी त्यात गडगंज पैसा केला. सीमेपार अमली व्यापार तेव्हा राजमान्य होता.)

ऐंशीच्या दशकात अफगाणिस्तानात युद्ध पेटलं आणि तिकडचं हेरॉईन भारतातून पुढे युरोप-अमेरिकेकडे जाऊ लागलं. संयुक्त राष्ट्रांच्या १९६१ आणि १९७१ च्या करारांची बांधिलकी होतीच. मग एनडीपीएस कायदा आला. 'नार्कोटिक ड्रग्ज अँड सायकोट्रॉपिक सबस्टन्सेस' हे पूर्ण नाव भलतंच लांब आहे. पोलीस ठाण्यापासून हायकोर्टापर्यंत सगळे एनडीपीएसच म्हणतात. १४ नोव्हेंबर १९८५ पासून तो लागू झाला आणि तीन वर्षांच्या जागी एकदम किमान दहा, कमाल वीस वर्षं सक्तमजुरी आली. वर किमान एक लाख रुपये दंड.

तेवढ्यावर भागलं नाही. १९८९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने जामीन जवळजवळ बंद केला, शिक्षेत सूट देणं थांबवलं, मालमत्ता जप्त करण्याचं स्वतंत्र प्रकरण घातलं आणि दुसऱ्यांदा मोठ्या मालासह सापडणाऱ्याला फाशी सक्तीची केली. सक्तीची याचा अर्थ असा, की न्यायाधीशाला दुसरी शिक्षा देण्याची मुभाच नाही. २००८ साली मुंबईच्या विशेष न्यायालयाने चरसच्या दुसऱ्या गुन्ह्यात एकाला अशी फाशी सुनावलीही होती. २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही सक्ती घटनेत बसत नाही असं सांगितलं. फाशी 'द्यावीच लागेल' याऐवजी 'देता येईल' असं कलम वाचायचं, असा तो निकाल. २०१४ मध्ये संसदेने कायद्याचे शब्दही तसे बदलले.

२००१ ची दुरुस्ती रोजच्या व्यवहारात सर्वात महत्त्वाची. तोवर पुडी घेऊन फिरणारा व्यसनी पोरगा आणि ट्रकभर माल आणणारा यांच्यात कायदा फारसा फरक करत नव्हता. आता वजनावरून वर्ग पाडले. हेरॉईन पाच ग्रॅमपर्यंत असेल तर 'अल्प', अडीचशे ग्रॅमच्या वर गेलं की 'व्यापारी'. कोकेनसाठी हे आकडे दोन आणि शंभर ग्रॅम. गांजासाठी एक आणि वीस किलो. मेफेड्रोन, म्हणजे मुंबई-पुण्यातलं 'एमडी', दोन आणि पन्नास ग्रॅम. अल्प मालाला जास्तीत जास्त एक वर्ष, मधल्याला दहा वर्षांपर्यंत, व्यापारी मालाला दहा ते वीस. माल शुद्ध आहे की त्यात भेसळ आहे, याने फरक पडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं की भेसळीसकट वजन धरायचं.

इथे एक गोष्ट बघा. कायदा फक्त वजन विचारतो, किंमत विचारतच नाही. मथळ्यातले शेकडो कोटी पोलीस 'आंतरराष्ट्रीय बाजारभाव' लावून काढतात, खटल्यात त्याने शिक्षा एक दिवसही वाढत नाही.

सीमा आली की कुठली कलमं

बंदर, विमानतळ, कुरिअर यांतून माल आत आणला, बाहेर पाठवला किंवा इथे उतरवून पुढे रवाना केला, की कलम २३ लागतं. कलम २४ त्याहून भारी आहे. त्यात माल भारताच्या हद्दीत यायचीही गरज नाही. समजा कुणी अंधेरीच्या ऑफिसात बसून इराणच्या किनाऱ्यावरून माल उचलायला लावला आणि टांझानियात उतरवला, तर सरकारच्या परवानगीविना केलेला तो व्यापार याच कलमाखाली दहा ते वीस वर्षांचा गुन्हा आहे. परदेशातल्या न्यायालयात झालेली जुनी शिक्षाही आपल्याकडे 'पहिला गुन्हा' म्हणून मोजता येते.

त्यावर कलम ३७ चा जामीन. एरवी जामीन देताना न्यायाधीश बघतात की आरोपी पळून जाईल का, साक्षीदारांना दमदाटी करील का. इथे व्यापारी प्रमाण असेल तर आरोपी दोषी नाही असं मानायला सबळ कारण आहे, याची न्यायालयाची खात्री व्हावी लागते. खटला सुरू व्हायच्या आधीच! आरोपपत्राला साठ-नव्वद दिवसांऐवजी एकशे ऐंशी दिवस मिळतात आणि ते वर्षापर्यंत वाढवून घेता येतात. शिवाय कलम ३५ आणि ५४ मुळे माल ताब्यात होता हे सिद्ध झालं की तो जाणूनबुजून बाळगला होता असं न्यायालय धरून चालतं. 'मला माहीत नव्हतं' हे आरोपीने सिद्ध करायचं.

हे नुसतं कागदावर वाचून कळत नाही, म्हणून परदेशात घडलेलं एक उदाहरण घेऊ. २०१९ मध्ये मुंबईचं एक जोडपं सहलीसाठी कतारला गेलं. सहल एका नातेवाईक बाईने भेट दिली होती आणि तिकडच्या ओळखीच्याला द्यायला म्हणून एक पाकीट सोबत दिलं होतं. दोहाच्या विमानतळावर त्यात सुमारे चार किलो चरस निघालं. दोघांना दहा दहा वर्षांची शिक्षा झाली. इकडे घरच्यांनी तक्रार दिल्यावर एनसीबीने, म्हणजे केंद्राच्या अमली पदार्थ नियंत्रण विभागाने, तपास केला, पाकीट कुणी आणि कशासाठी दिलं याचा पुरावा गोळा केला आणि तो कतारपर्यंत पोहोचवला गेला. तिथल्या न्यायालयाने २०२१ मध्ये त्यांना निर्दोष सोडलं. एका देशातला पुरावा दुसऱ्या देशातल्या न्यायालयासमोर वेळेत जाणं किती मोलाचं असतं, हे या प्रकरणात दिसतं. तिथे निरपराध सुटले. हीच वाट चालू असेल तर सूत्रधारही अडकू शकतात.

पंचनाम्यापासून प्रयोगशाळेपर्यंत

आपल्याकडे आरोपी सुटला की लोक चिडून म्हणतात, 'तांत्रिक कारणावरून सुटला.' ही तांत्रिक कारणं जवळून पाहू.

खबऱ्याचा फोन आला की अधिकाऱ्याने ती खबर लिहून काढायची आणि वरिष्ठाला बहात्तर तासांत कळवायची. दोन पंच सोबत घ्यायचे. संशयिताच्या अंगाची झडती घ्यायची असेल तर त्याला आधी सांगायचं, की राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती देण्याचा तुला हक्क आहे. हे कलम ५० अंगझडतीपुरतंच आहे, कंटेनरला किंवा बॅगेला ते लागत नाही, तरी कितीतरी खटले इथेच घसरतात. मग तपासणी किटवर चिमूटभर टाकून रंग बघायचा, वजन करायचं, पाकीट बांधून त्यावर लाखेचं सील मारायचं, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी लावायची. मुद्देमाल मालखान्यात जमा, नोंदवहीत नोंद. नमुने मॅजिस्ट्रेटच्या देखरेखीत काढायचे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये बजावलं आहे. त्यानंतर नमुना प्रयोगशाळेत जातो आणि 'सीए रिपोर्ट', म्हणजे रासायनिक तपासणीचा अहवाल, येईपर्यंत सगळे वाट बघत बसतात.

यातली एक कडी निसटली तरी बचावाचा वकील तिथेच बोट ठेवतो. पंचनाम्यात वजन एक आणि प्रयोगशाळेच्या पावतीवर दुसरं, सीलचा ठसा जुळत नाही, पंच 'नेहमीचा' निघतो, म्हणजे त्याच पोलीस ठाण्याच्या दहा प्रकरणांत तोच साक्षीदार. त्यात तो फितूर झाला की संपलंच.

आणि प्रयोगशाळा! २०१५ मध्ये मुंबई आणि सातारा जिल्ह्यात एका पोलीस शिपायाशी संबंधित प्रकरणात भलामोठा एमडीचा साठा पकडल्याची खळबळ उडाली होती. पुढे हैदराबादच्या प्रयोगशाळेच्या तपासणीत तो अजिनोमोटो निघाला. चायनीजच्या गाडीवर लागतं तेच. यावर हसावं की रडावं कळत नाही, पण ज्या कायद्यात दहा वर्षांची किमान शिक्षा आहे आणि जामीन जवळजवळ नाही, त्यात पावडर नेमकी कसली हे झटपट आणि खात्रीने कळणं ही पहिली गरज आहे. शिक्षा जितकी जबर तितकी प्रक्रिया काटेकोर पाळली पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालय १९९९ पासून सांगत आलं आहे. मला ते पटतं. आरोपीवरच उलटा भार टाकणाऱ्या कायद्यात या 'तांत्रिक' अटी सोडल्या तर निरपराध माणसाकडे दुसरं काहीच उरत नाही. तेव्हा अटी सैल करण्यापेक्षा त्या पाळता येतील इतकी माणसं, वजनकाटे, कॅमेरे आणि प्रयोगशाळा द्यायला हव्यात.

एका अक्षराची चूक, सात वर्षं

पैसा लावणाऱ्यांसाठी कायद्यात कलम २७अ आहे. अवैध व्यापाराला पैसा पुरवणारा आणि अशा लोकांना आसरा देणारा, दोघांना दहा ते वीस वर्षं. सीमेपारच्या टोळीत वरच्या माणसापर्यंत पोहोचायचं तर कायद्यातलं हेच मुख्य हत्यार, कारण तो माणूस मालाला कधी हातच लावत नाही.

आता गंमत बघा. 'अवैध व्यापार' म्हणजे काय, याची व्याख्या कलम २ मध्ये विशिष्ट उपखंडात होती आणि २७अ त्या उपखंडाकडे बोट दाखवत होतं. २०१४ च्या दुरुस्तीत रुग्णांना वेदनाशामक मॉर्फिन सहज मिळावं म्हणून 'अत्यावश्यक औषधिद्रव्य' ही नवी व्याख्या त्याच जागी बसवली आणि जुनी व्याख्या एक घर खाली सरकवली. २७अ मधलं बोट मात्र जुन्याच जागेकडे राहिलं. म्हणजे कलम शब्दशः वाचलं तर पैसा पुरवणाऱ्याला शिक्षा होण्यासारखा गुन्हाच उरला नाही, कारण ते आता औषधाच्या व्याख्येकडे बघत होतं.

मंत्रालयात, संसदेत, कुणाच्याही हे लक्षात आलं नाही. त्रिपुरातल्या एका आरोपीच्या वकिलाने ते पकडलं आणि तिथल्या उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये केंद्राला चूक दुरुस्त करायला सांगितलं. सप्टेंबरअखेर वटहुकूम निघाला, डिसेंबरमध्ये संसदेने विधेयक मंजूर केलं आणि दुरुस्ती १ मे २०१४ पासून लागू झाल्याचं धरलं. फौजदारी कायदा मागच्या तारखेने लावता येतो का, यावर विरोधकांनी तेव्हा आक्षेप घेतला. ही नवी शिक्षा नसून निव्वळ दुरुस्ती आहे, असं सरकारचं म्हणणं होतं. वाद बाजूला ठेवला तरी एवढं खरं, की ज्या सात वर्षांत मंचावरून कडक कायद्याची भाषणं झाली, त्याच सात वर्षांत त्यातलं सर्वात कामाचं कलम भलत्याच ओळीवर टेकलं होतं.

समुद्रात कुणाचा कायदा

गेल्या काही वर्षांतल्या सर्वात मोठ्या जप्त्या समुद्रात किंवा बंदरांवर झाल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये गुजरातच्या मुंद्रा बंदरात शंखजिऱ्याच्या दगडांच्या नावाखाली इराणमार्गे आलेलं जवळपास तीन टन अफगाण हेरॉईन मिळालं. फेब्रुवारी २०२४ मध्ये नौदल आणि एनसीबीने गुजरातच्या समुद्रात एका होडीतून ३,३०० किलो माल पकडला, त्यात तीन टनांहून जास्त चरस. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अंदमानजवळ तटरक्षक दलाने म्यानमारच्या एका मासेमारी बोटीतून साडेपाच टनांच्या वर मेथॅम्फेटामिन, म्हणजे रसायनांपासून बनणारं 'मेथ', जप्त केलं.

तालिबानने एप्रिल २०२२ मध्ये अफूवर बंदी घातल्यावर तिकडची लागवड २०२३ मध्ये ९५ टक्क्यांनी घसरली, म्यानमार पुढे आला आणि रासायनिक मेथचा जोर वाढला. म्हणजे पश्चिमेकडच्या समुद्राइतकंच आता पूर्वेकडेही बघावं लागतं.

माल पकडल्यावर प्रश्न येतो हद्दीचा. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर, आपली सार्वभौम हद्द. २०० मैलांपर्यंत मासे, तेल, वायू यांवर आपला हक्क, पण तो प्रदेश आपला नव्हे. एनडीपीएसचं पहिलंच कलम सांगतं की हा कायदा भारतभर, भारताबाहेरच्या भारतीय नागरिकांना आणि भारतात नोंदवलेल्या जहाजांवर-विमानांवर लागू होतो. मग शंभर मैलांवर बिनझेंड्याची होडी, त्यावर इराणी किंवा पाकिस्तानी खलाशी, आणि होडी निघालीय दुसऱ्याच देशाकडे, तर? आंतरराष्ट्रीय सागरी कायद्यानुसार बिनझेंड्याच्या होडीवर चढून तपासणी करता येते. झेंडा असेल तर त्या देशाची परवानगी काढायची, हे १९८८ च्या व्हिएन्ना करारात लिहिलंय आणि भारत १९९० पासून त्या करारात आहे. पण तपासणी करणं वेगळं आणि इथल्या न्यायालयात खटला उभा करणं वेगळं. माल भारतातच येणार होता, हा कट भारतात शिजला होता, असं काही दाखवावं लागतं, नाहीतर बचावाचा पहिला मुद्दा हाच असतो: साहेब, हे न्यायालय मला विचारणारं कोण?

अमेरिकेने १९८६ मध्ये यासाठी वेगळा सागरी कायदा करून बिनझेंड्याच्या होड्या खुल्या समुद्रातही स्वतःच्या अधिकारात घेतल्या. लांब जायला नको. चाचेगिरीसाठी आपल्याच संसदेने २०२२ मध्ये कायदा केला आणि तो खुल्या समुद्रालाही लागू आहे असं स्पष्ट लिहिलं. मार्च २०२४ मध्ये 'आयएनएस कोलकाता'ने ३५ सोमाली चाच्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिलं, ते याच बळावर. तसाच एक परिच्छेद एनडीपीएसमध्ये हवा. माझ्या लेखी बळकटीकरणाच्या यादीत हा पहिला.

पाठवणारे आपणही आहोत

माल नेहमी बाहेरून येतो, या समजुतीला महाराष्ट्रात बसून चिकटून राहणं अवघड आहे. २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी सोलापूरच्या एमआयडीसीतल्या कारखान्यातून टनावारी इफेड्रिन पकडलं. सर्दीच्या औषधात लागणारं हे रसायन. ते केनियात नेऊन मेथ बनवण्याचा बेत होता असा आरोप झाला. त्यात गोवलेल्या एका माजी अभिनेत्रीवरचा गुन्हा पुरेसा पुरावा नाही म्हणून उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये रद्द केला. २०२४ च्याच फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी कुरकुंभ एमआयडीसी, दिल्ली आणि सांगली मिळून दीड टनाहून जास्त एमडी पकडलं. यातला काही माल खाण्याच्या पाकिटांतून लंडनला गेल्याचं तपासात पुढे आलं.

रसायनं मुळात कायदेशीर असतात, ही इथली खरी अडचण. औषध, रंग, सुगंधी द्रव्यं यांत ती लागतात. २०१३ च्या नियंत्रण आदेशाप्रमाणे इफेड्रिनसारख्या यादीतल्या रसायनांच्या उत्पादक-व्यापाऱ्यांना नोंदणी करावी लागते आणि खरेदी-विक्रीचा हिशेब ठेवावा लागतो. नियम मोडला तर कलम २५अ खाली दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण यादीत नसलेलं जवळचं दुसरं रसायन वापरलं की कारखानदार नियमातून निसटतो. तयार मालाचंही तेच. 'म्याऊ म्याऊ', म्हणजे मेफेड्रोनच, मुंबईच्या गल्लीबोळांत पसरून गेलं आणि यादीत आलं फेब्रुवारी २०१५ मध्ये. त्याआधी पोलिसांनी पकडलं तरी एनडीपीएस लावता येत नव्हता. यादी वर्षानुवर्षांनी नाही, महिन्यांत बदलली पाहिजे. बंद पडलेल्या कारखान्याची जागा कुणी भाड्याने घेतली, तिथला वीजवापर अचानक का वाढला, हे स्थानिक एमआयडीसीच्या कार्यालयात कळतं. ते एनसीबीपर्यंत जायची सोय हवी.

मकोकाचं दुसरं दार

जुलै २०२५ मध्ये राज्य विधिमंडळाने मकोका या टोळ्यांविरुद्धच्या राज्याच्या कायद्यात दुरुस्ती करून अमली पदार्थांचा व्यापार संघटित गुन्हेगारीच्या व्याख्येत घातला. त्याआधी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १११ मध्येही तो आलाच होता.

मकोकाने नेमकं काय मिळतं? ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तूफान सिंग प्रकरणात ठरवलं की एनसीबीसारख्या यंत्रणांच्या अधिकाऱ्यांसमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालणार नाही. तोवर अर्ध्या केसेस अशा जबाबांच्या टेकूवर उभ्या असायच्या: पकडलेल्या कॅरिअरने, म्हणजे माल वाहणाऱ्याने, जबाबात कुणाचं नाव घेतलं, की तो आरोपी. मकोकात मात्र पोलीस अधीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने घेतलेला कबुलीजबाब चालतो आणि तो सहआरोपींविरुद्धही वापरता येतो. थोडक्यात, समोरचं दार न्यायालयाने लावलं, बाजूचं विधिमंडळाने उघडलं.

टोळीचा म्होरक्या यामुळे कधीकधी अडकेल, नाही असं नाही. पण दुबईत किंवा आफ्रिकेत बसलेल्या माणसाला आणायचं असेल तेव्हा या कबुलीजबाबांची किंमत कवडीची होते. परदेशातलं न्यायालय बँकेचे व्यवहार, फोनचा डेटा, कंटेनरची कागदपत्रं मागतं. कोठडीतला कबुलीजबाब पाहिला की त्यांच्या भुवया उंचावतात.

फाशीचंही तसंच. एनडीपीएसमध्ये ती अजून आहे, पण ज्या देशात फाशी नाही तो देश आरोपीला द्यायला काचकूच करतो. म्हणून आपल्याच प्रत्यार्पण कायद्याच्या कलम ३४क मध्ये तरतूद आहे, की अशा देशाकडून आणलेल्याला फाशीऐवजी जन्मठेप. अबू सालेमला पोर्तुगालमधून २००५ मध्ये आणताना फाशी देणार नाही आणि पंचवीस वर्षांपेक्षा जास्त ठेवणार नाही अशी हमी द्यावी लागली होती. तो खटला बॉम्बस्फोटांचा असला तरी हिशेब तोच. परदेशातल्या बड्या धेंडाला फाशी देता येत नाही आणि इथल्या हमालाला ती दाखवली जाते, असं ते विचित्र गणित आहे.

पैशाकडे बघू. अटकेआधीच्या सहा वर्षांत घेतलेली मालमत्ता कुठून आली, ते आरोपीने सिद्ध करायचं, नाहीतर जप्त, अशी तरतूद कायद्यात १९८९ पासून आहे. मनी लाँडरिंगच्या कायद्यातही एरवी कमाल सात वर्षं असलेली शिक्षा अमली पैशासाठी दहा केलेली आहे. पण हा तपास करायला हिशेबतज्ज्ञ लागतो आणि छापा घालणाऱ्या पथकात तो क्वचितच असतो. एमडीची पुडी पकडली की दुसऱ्या दिवशी फोटो येतो. पनवेलमधल्या चार फ्लॅटची बेनामी मालकी शोधायला दोन वर्षं लागतात आणि त्याचा फोटो येत नाही.

एक साधन अजून आहे, कलम ५०अ. २००१ मध्ये आलेलं. एनसीबीचे महासंचालक ठरवू शकतात की पकडलेला माल लगेच जप्त करायचा नाही, नजरेखाली पुढे जाऊ द्यायचा, परदेशापर्यंत सुद्धा, तिथल्या यंत्रणेशी बोलून. न्हावा शेव्याचा कंटेनर उघडून फोटो काढण्याऐवजी तो गुपचूप ट्रकवर चढवायचा आणि गोदामात कोण घ्यायला येतो, भाडं कोण भरतो, पुढचा फोन कुठल्या देशात जातो, ते बघायचं. त्यात माल निसटण्याची भीती असते, आणि निसटला तर चौकशी त्या अधिकाऱ्याचीच होते. जप्ती केली की मात्र त्याच संध्याकाळी पत्रकार परिषद. वीस टनांच्या कंटेनरच्या पाठी आठवडाभर शांतपणे फिरणाऱ्या अधिकाऱ्याला पाठबळ देणारा एखादा नियम, आणि पलीकडच्या देशाशी आधीच झालेला करार, हे दोन्ही या कलमाच्या जोडीला हवे आहेत.